खेळ अडखळतो का?

कबड्डीचा सामना तुम्ही पाहिलाच असेल. चढाई करणारा गडी एकाला शिवून परत फिरतो, तेवढ्यात दुसरा त्याचा पाय धरतो आणि दोन्ही संघ एकदम ओरडतात. कोण बाद? हे पंच सांगतो. पंचाने उशीर केला की मैदानावर भांडण ठरलेले!

मोबाइलवर किंवा संगणकावर अनेक जण मिळून जे खेळ खेळतात, त्यांनाही पंच लागतो. एक खेळाडू परभणीत, दुसरा मानवतला, तिसरा मुंबईत. पण तिघांच्या पडद्यावर जग मात्र एकच दिसले पाहिजे. कोण कुठे उभा आहे, कोणाची गोळी आधी सुटली, याचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. (हिशेब हा शब्द तुम्हाला शिकवायला नको. उर्दूतला हिसाब तो हाच.)

आता माझ्या भाच्याची गोष्ट ऐका. तो आणि त्याचे तीन मित्र माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांची घरे बांधण्याचा खेळ खेळतात. सर्व्हर म्हणून ते घरातला चार कोअरचा संगणक वापरत. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला हिशेब करणारा एक स्वतंत्र विभाग. एक कारकून समजा ना. खेळ अधूनमधून अडखळू लागला, तेव्हा चौघांनी दोन वर्षांची ईदी एकत्र केली आणि सोळा कोअरचा एक जुना संगणक विकत आणला. चार कारकुनांऐवजी सोळा! खेळ चौपट वेगाने चालेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो पूर्वीपेक्षा जास्त अडखळू लागला. "मामू, आमची फसवणूक झाली का?" भाच्याने रडवेल्या आवाजात विचारले.

मी संगणकावर कामाचा भार दाखवणारी खिडकी उघडली. तिच्यात प्रत्येक कोअरचा एक चौकोन असतो. कधी हा चौकोन भरे, कधी तो. पण एका वेळी जेमतेम एकच. बाकीचे कारकून हातावर हात ठेवून बसलेले.

असे का होते? माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० फेऱ्या करतो. म्हणजे एका फेरीला ५० मिलिसेकंद मिळतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. प्रत्येक फेरीत सर्व्हर खेळाडूंच्या हालचाली घेतो, प्राण्यांना चालवतो, पाणी वाहवतो आणि निकाल सर्वांना कळवतो. हिशेब ५० मिलिसेकंदांच्या आत झाला तर सर्व ठीक. त्याला ८० मिलिसेकंद लागले तर? करा भागाकार. सेकंदाला साडेबाराच फेऱ्या होतील आणि सगळे जग संथ होईल. फोडलेला ठोकळा पुन्हा जागेवर दिसेल.

हा हिशेब सोळा जणांत वाटता येत नाही का? समजा, दोन खेळाडूंनी एकाच पेटीतल्या एकाच हिऱ्याला एकदम हात घातला. दोन कारकुनांनी दोघांना वेगवेगळे "घे" म्हटले, तर एका हिऱ्याचे दोन हिरे होतील! म्हणून आधी एकाचे, मग दुसऱ्याचे, अशा क्रमानेच काम करावे लागते. शिवाय आधीची फेरी संपल्याखेरीज पुढची सुरू करता येत नाही. वलिम्याच्या जेवणाला सोळा जण मिळून कांदा लवकर चिरतात. पण देगेला दम लागायचा तेवढा वेळ लागतोच. या सर्व्हरचे बरेचसे काम दमासारखे आहे.

मग प्रोसेसर वाढवून काम लवकर होतच नाही, असे समजू नका. आपल्या महाराष्ट्रातच याचे मोठे उदाहरण आहे. भारताला परदेशातून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. अकोला जिल्ह्यातील डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घेतले होते. हवामानाच्या गणितासारख्या कामांना ही पद्धत लागू पडते. परभणीच्या आकाशाचे गणित एकाकडे, हिंगोलीचे दुसऱ्याकडे, नांदेडचे तिसऱ्याकडे द्यायचे. सीमेवरची माहिती तेवढी शेजाऱ्यांनी एकमेकांना सांगायची. हे काम कांदा चिरण्यासारखे वाटता येते.

भाच्याच्या नव्या प्रोसेसरमधला एकेक कोअर सेकंदाला २१० कोटी ठोके देणारा होता, तर जुन्या संगणकातला ३६० कोटी. कारकून चौपट झाले, पण प्रत्येकाचा हात मंदावला. दुकानदाराने फसवले नव्हते. त्याने सोळा म्हटले आणि सोळाच दिले. कामाला काय हवे हे विचारायचे मात्र राहून गेले. केवळ ठोके पाहूनही भागत नाही, बरे का. नवीन प्रोसेसर एका ठोक्यात जुन्यापेक्षा जास्त काम उरकतो.

एकाच कोअरचा वेग मग हवा तेवढा का वाढवत नाहीत? १९९३ चा पहिला पेंटियम सेकंदाला सुमारे ६ कोटी ठोके देई. दहा वर्षांत हा आकडा ३०० कोटींवर गेला. पुढे उष्णता इतकी वाढू लागली, की ती बाहेर काढणे अवघड झाले. म्हणून कंपन्या एकाच प्रोसेसरमध्ये जास्त कोअर बसवू लागल्या.

एक गोष्ट मात्र पंचाच्या हातात नाही, ती म्हणजे अंतर. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. परभणीहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर धरली, तर जाऊन येऊन ५ मिलिसेकंद होतात. सर्व्हर सिंगापूरला असेल तर ४० मिलिसेकंदांहून जास्त. म्हणूनच मोठ्या कंपन्या मुंबईत सर्व्हर ठेवतात. २०२० साली आलेल्या व्हॅलोरंट या खेळाचे सर्व्हर मुंबईतही आहेत. तो सेकंदाला १२८ फेऱ्या करतो, म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ! त्याच्या अभियंत्यांनी हिशेब इतका आटोपशीर केला, की एकच कोअर तीन सामने सांभाळू शकतो. तिथे भरपूर कोअर उपयोगी पडतात, कारण प्रत्येक सामना स्वतंत्र असतो. एका सामन्याच्या पंचाला दुसऱ्या सामन्याची खबर लागत नाही.

हे ऐकून भाचा थोडा सावरला. आम्ही त्यांचे खेळातले जग तपासले, तर एका वाड्यात शेकडो कोंबड्या! अंडी मिळावीत म्हणून मुलांनी त्या वाढवत नेल्या होत्या आणि बिचारा सर्व्हर दर फेरीला एकेका कोंबडीची हालचाल मोजत होता. वीस ठेवून बाकीच्या काढल्या. लांबचा प्रदेश दाखवण्याची मर्यादाही कमी केली. फेरी ५० मिलिसेकंदांच्या आत आली.

आता त्या सोळा कोअरच्या संगणकावर त्यांची चार वेगवेगळी जगे एकाच वेळी चालतात, प्रत्येकाचे एकेक. संध्याकाळी खिडकी उघडली की चार चौकोन भरलेले दिसतात. कोंबड्यांवरून मात्र अजून वाद चालू आहे.