गोळी आधी की जागरण आधी?

रात्रपाळी आमच्या घराला नवीन नाही. पप्पांनी उधन्याच्या लूम्सच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या काढल्या. आता रात्री मी लॅपटॉपसमोर बसते. काम मेडिकल कोडिंगचं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं आणि त्याला योग्य कोड द्यायचा.

एकदा फाइल आली ती झोपेच्या गोळ्यांमुळेच बिघडलेल्या झोपेची. त्याला तीन कोड आहेत. गोळ्यांचा गैरवापर असेल तर एफ१३.१८२, अवलंबित्व असेल तर एफ१३.२८२ आणि नुसता वापर नोंदवला असेल तर एफ१३.९८२. वाचता वाचता पप्पा आठवले.

त्यांना पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलम लिहून दिली होती. पंधरा दिवसांची चार वर्षं झाली, एकीच्या दोन गोळ्या झाल्या. तरी रात्री तीनला ते गॅलरीत बसलेले आणि दिवसा पेपर हातात घेऊन पेंगत. एकदा बाथरूमकडे जाताना तोल गेला. मी मनातल्या मनात त्यांना एफ१३.२८२ चिकटवूनही टाकला.

पण आमच्या कामात कोडरने अंदाज करायचा नसतो. औषधाचा आणि तक्रारीचा संबंध डॉक्टरांनी लिहिलेला हवा. म्हणून त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरवलं. पप्पा चिडले, "मी काय व्यसनी आहे?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, आधी झोप गेली की आधी गोळी आली? गोळी चुकली की काय होतं? घोरता का? मग समजावलं, "रोज घेतली की ही गोळी हळूहळू कमी लागू पडते, गाढ झोपही घटते. चुकली की झोप आणखी उडते आणि वाटतं, मूळ आजारच परतला. पण एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते." मात्रा त्यांच्या देखरेखीखाली उतरवायची ठरली. गोळी सुटून साधारण महिना उलटल्यावरही झोप आली नाही, तर निद्रानाश वेगळा आजार धरायचा.

केस पेपरवर त्यांनी लिहिलं: चिठ्ठीने सुरू झालेली गोळी, शरीराला सवय, गैरवापर नाही. पप्पांनी तो कागद दोनदा वाचला. घरी येऊन उशीखालची जास्तीची पाकिटं स्वतःच काढून दिली.

२०१४ पासून अल्प्राझोलम 'एच१' यादीत आहे. मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. तरी जुन्या चिठ्ठीवर गोळ्या येत राहतात. आपल्या आई-वडिलांच्या डब्यात एकदा डोकावून बघा. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे.

पप्पा आता पाव गोळीवर आलेत. तीनला जाग आली की माझ्यासाठी चहा टाकतात.

"पप्पा, झोप उडेल ना!"

"तुझी उडू दे, तुझी पाळी आहे. मी चाललो झोपायला."