नानकटाईचा पत्रा: चकाकी नको, गेज पाहा

कळंबोली म्हटलं की डोळ्यांपुढे येतो लोखंड बाजार. मुंबईतला पोलादाचा व्यापार शहराबाहेर हलवण्यासाठी सिडकोनं वसवलेला. तिथं पत्र्याचा सौदा करताना गिऱ्हाईक 'किती गेजचा?' हे आधी विचारतं. नानकटाई किंवा कुकीज भाजायचा ट्रे घेताना आपण मात्र रंग पाहतो, चकाकी पाहतो आणि मोकळे होतो. मग कडेच्या नानकटाया करपतात, मधल्या कच्च्या राहतात. घरच्यापुरतं असेल तर चालून जातं. पण दिवाळीच्या ऑर्डरी घेणाऱ्या गृहिणीचं तूप, साखर आणि गिऱ्हाईक, तिन्ही एकाच घाण्यात हातचं जातं.

पूर्वी पीठ मळून बेकरीच्या भट्टीवर नेलं की तिथलेच जाड पत्रे मिळत. घरात ओटीजी आला आणि पत्रा निवडायचं काम आपल्या गळ्यात पडलं.

पहिली गोष्ट जाडीची. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे लक्षात ठेवा. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, तर २२ गेज म्हणजे जेमतेम ०.७. पातळ पत्रा तापला की वाकतो आणि उष्णता सगळीकडे सारखी पोचवत नाही. १८ गेजचा, कडा दुमडलेला ट्रे वर्षानुवर्षं टिकतो.

दुसरी गोष्ट धातूची. ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या तीन-चार पट आणि स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. त्यामुळे बिनमुलाम्याचा, साधा ॲल्युमिनियमचा ट्रे कमी खर्चात उत्तम. नॉनस्टिकसाठी जादा पैसे कशाला? नानकटाईत तूप भरपूर असतं, ती चिकटत नाही. फार तर बटर पेपर घाला. काळा ट्रे घरात असेलच, तर तो उष्णता जास्त शोषतो. तापमान दहा अंशांनी कमी ठेवा.

स्वस्तात पडतो म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापून ट्रे करू नका. तो छपरासाठी आणि पन्हाळीसाठी ठीक. अन्नात जस्त उतरू शकतं. ओळखायचा कसा? लोहचुंबक लावा. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, शिवाय ते पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचं असतं.

दुकानात जाण्याआधी ओव्हन आतून मोजा. ट्रेच्या चारही बाजूंना दोन बोटं जागा राहिली पाहिजे, नाहीतर गरम हवा फिरत नाही.

आणि एका महागड्या ट्रेऐवजी साधे दोन घ्या. तापलेल्या ट्रेवर नवा घाणा मांडला तर तूप आधीच वितळतं आणि नानकटाई पसरते. एक ट्रे आत असताना दुसरा निवत राहील, आणि घाण्यामागून घाणा सारखाच निघेल.