खोके फोडावे की जपावे?

भिवंडीकरांना खोक्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मानकोली, राहनाळच्या गोदामांत आपली कितीतरी मुले पॅकिंगच्या आणि माल चढविण्या-उतरविण्याच्या कामावर जातात. आतला माल धडधाकट असला तरी खोके चेपले की तो परत येतो, हे ती रोज पाहतात. जुन्या खेळण्यांचा संग्रह करणाऱ्यांतही हाच न्याय चालतो. त्यामुळे घरातला मुलगा एखादे खेळणे पाकीट न फोडता ठेवायचे म्हणाला, तर त्याला लगेच वेड्यात काढू नये. पण पैसे देण्यापूर्वी थोडा विचार जरूर करावा.

'जी. आय. जो'चे शिपाई अनेकांना आठवत असतील. पावणेचार इंच उंचीचे, हातपाय वळणारे. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ते या आकारात १९८२ साली आणले. आपल्याकडे गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीने ते बनवले. पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचे कवच आणि आत शिपाई. आज परदेशातले संग्राहकही हा भारतीय माल बंद पाकिटात शोधतात.

गंमत अशी की हॅस्ब्रोच्या पुठ्ठ्यामागे शिपायाचे टोपणनाव, जन्मगाव, कामगिरी अशी माहिती छापलेली असे आणि ती कापून ठेवावी अशीच योजना होती. लॅरी हामा या लेखकाने त्यातली बरीचशी लिहिली. म्हणजे ज्या पोराने कात्री चालवली त्याने काही बिघडवले नाही!

आता पैशाची गोष्ट. 'स्टार वॉर्स'ची १९७८ सालची बाहुली बंद पाकिटात असली तर फार महाग जातात. का? कारण तेव्हा जवळजवळ सर्व मुलांनी पाकिटे फोडली. हे पाहून १९९५ नंतर निघालेली त्याच मालिकेची खेळणी लोकांनी ढिगाने घेऊन माळ्यावर ठेवली. सर्वांनीच जपली, त्यामुळे दुर्मीळ झालीच नाहीत. त्यांतली बहुतेक आजही स्वस्तात मिळतात. तेव्हा पुढे किंमत येईल या आशेवर घरखर्चातले पैसे नव्या खेळण्यात अडकवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. बंद पाकिटाकडे नुसते बघत बसलेल्या लहानग्याच्या तोंडाकडेही एकदा पाहावे.

शिवाय बंद पाकीट म्हणजे अमरपट्टा नव्हे. 'जी. आय. जो'चे धड आणि पाय आतल्या एका रबरी कडीने जोडलेले असतात. ती कडी पाकीट न उघडताही वाळते आणि तुटते. उन्हाने कवच पिवळे पडते, पावसाळी दमटपणाने पुठ्ठा वाकतो, वाळवी लागली तर विचारूच नका. आणि २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्यांना तळमजल्यावरच्या पुठ्ठ्याचे काय होते ते माहीतच आहे.

नवे खेळणे असेल तर मुलाला खुशाल खेळू द्यावे. कवच बेताने कापून पुठ्ठा वहीच्या पानांत सपाट ठेवावा. खेळण्याबरोबर मूळ पुठ्ठा असला तर संग्राहक त्यालाही मोल देतात. जुने बंद पाकीट हाती आले तर मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय उघडू नये. ते भिंतीपासून दूर, उंचावर, अंधारात उभे ठेवावे. पुठ्ठा फाटला असला तरी त्याला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन छपाईवर उतरतो आणि मग तो निघता निघत नाही.