मनीचे म्हातारपण

कसबा पेठेतील आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मनी सोळा वर्षे आहे. गेल्या पावसाळ्यापासून ती मध्यरात्री भिंतीकडे तोंड करून ओरडू लागली. खाऊन झाले तरी पुन्हा ताटलीपाशी बसे, कोपऱ्यात घाण करी. "मांजराचे रडणे अशुभ, नदीपलीकडे सोडून या," शेजारच्या काकू म्हणाल्या. आईही डळमळली.

मी मनीला पिशवीत घालून पशुवैद्यांकडे नेले. थायरॉईड, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाच्या विकारातही मांजर असे ओरडते, म्हणून त्यांनी आधी ते तपासले. काही निघाले नाही. उरला तो म्हातारपणचा स्मृतिभ्रंश. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी माणसाच्या मेंदूतील ज्या साठ्यांचे वर्णन केले, त्यांतले अमायलॉइड हे प्रथिन म्हाताऱ्या मांजरांच्या मेंदूतही साठते. २०२५ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांना ते मज्जापेशींच्या जोडांतही आढळले.

हा रोग बरा होत नाही. पण प्राण्याची रोजची घडी मोडू नये. आता ताटली, पाणी आणि मातीचे घमेले ठरल्या जागी असते, रात्री लहान दिवा जळतो, सामान आम्ही हलवत नाही.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हे सारे आईला समजावून सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घरातच वाट चुकते ती, नदीपलीकडे कुठे जाईल?"

मनी रात्री ओरडली की हल्ली आईच उठते.