तपकिरी पाखरांची ओळख

मोर, पोपट किंवा खंड्या ओळखण्यास सायास पडत नाहीत. त्यांचे रंगच त्यांची ओळख सांगतात. परंतु कापणी झालेल्या शेतात लहानलहान तपकिरी पाखरे दिसली, की नवशिका निरीक्षक गोंधळतो. त्याला सारीच चिमण्या वाटतात. वास्तविक त्यांत निरनिराळ्या जातींचे पक्षी असू शकतात.

अशा वेळी केवळ रंगावर विसंबून चालत नाही. प्रथम चोच पाहावी. चिमणी व सुगरण यांची चोच आखूड आणि जाड असते. दाणे फोडण्यास ती उपयोगी पडते. वटवट्या कीटक टिपतो. म्हणून त्याची चोच बारीक व टोकदार असते. त्यानंतर चाल पाहावी. चिमणी जमिनीवर टुणटुण उड्या मारते; चंडोल व तिरचिमणी मात्र एकेक पाऊल टाकीत चालतात. तिरचिमणी सडपातळ असून शेपटी वरखाली हलवते. चंडोल तिच्याहून जाडसर असतो आणि त्याच्या काही जातींच्या डोक्यावर तुरा असतो.

ठिकाण व आवाज यांचेही साहाय्य होते. गवतात किंवा झुडपात शेपटी उभारून फिरणारा पक्षी बहुधा वटवट्या असतो. चंडोल उघड्या माळावर राहतो व आकाशात चढत गातो. ऋतूही ध्यानात घ्यावा. सुगरण नराचे डोके पावसाळ्यात पिवळेधमक होते. एरवी तो चिमणीच्या मादीसारखाच दिसतो.

१९०८ च्या सुमारास सलीम अली नावाच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी तो मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी तिची जात सांगितली आणि संस्थेतील पक्ष्यांचा संग्रहही दाखविला. हाच मुलगा पुढे थोर पक्षिशास्त्रज्ञ झाला. १९४१ साली त्याने भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. ‘चिमणीच ती!’ असे म्हणून त्याने तो डाग दुर्लक्षिला असता तर?

आज पक्षी ओळखण्यासाठी त्याला मारण्याची गरज नाही. दुरून, शांतपणे पाहावे. घरट्याजवळ जाऊ नये. चोच, चाल, ठिकाण, आवाज व दिनांक वहीत टिपावा. ओळख न पटल्यास अंदाजाने नाव लिहू नये; ती जागा कोरी ठेवावी. त्या कोऱ्या जागेतूनच पुढील शोधाला आरंभ होतो.