खर्जाचा स्पर्श

मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात १९९४ पासून ‘साधना व्हिलेज’ ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांची निवासी संस्था आहे. इथल्या रहिवाशांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. गाण्याच्या तालावर टाळ्या वाजवणारे मित्र कुठल्याही संस्थेत भेटतात. पण ज्यांचं अपंगत्व अतितीव्र आहे, ज्यांना बोलता येत नाही, कधी कूसही बदलता येत नाही, त्यांच्यापर्यंत संगीत पोचवायचं कसं?

अंगाला कळणारा सूर

कमी कंपनसंख्येचा आवाज कानांबरोबर त्वचेला आणि हाडांनाही कळतो. नॉर्वेच्या ओलाव्ह स्किले यांनी १९८० च्या सुमारास याचाच उपयोग केला. बिछान्यात किंवा खुर्चीत स्पीकर बसवायचे आणि साधारण ३० ते १२० हर्ट्झचे सूर, सोबत शांत संगीत, थेट शरीराला द्यायचे. ही व्हायब्रोअकूस्टिक थेरपी. इंग्लंडमध्ये टोनी विग्रम यांनी ती अपंग प्रौढांसाठी वापरून अभ्यासली. आखडलेले स्नायू सैल पडणं, अस्वस्थता कमी होणं, एवढंच तिच्याकडून अपेक्षावं. बुद्धी वाढवण्याचं आश्वासन कुणी दिलं, तर तिथे पैसे भरू नयेत.

घरातला तानपुरा

महागडा बिछाना नसला तरी अडत नाही. ‘काळी एक’ पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला वाजते, म्हणजे नेमकी याच पट्ट्यात. तळवा भोपळ्यावर अलगद टेकवून तार छेडावी. आधी हात दचकतो, मग बोटं हळूहळू उलगडतात. डग्ग्याच्या घुमाऱ्यानेही हे साधतं.

उत्तराची वाट

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तार थांबल्यानंतरचं थांबणं. प्रतिसाद उशिरा येतो आणि बारीक असतो: श्वास संथ होणं, नजर वळणं, ओठांची हालचाल. आपण घाईने पुढचा सूर छेडला, की समोरच्याचं उत्तर बुडतं. भुवया आक्रसल्या, अंग ताठलं किंवा हात मागे ओढला, तर तो नकार आहे. तो लगेच मानावा.

आधी डॉक्टरांना विचारा

पेसमेकर, गर्भारपण, ताजा रक्तस्राव किंवा अंगात तीव्र दाह असेल, तर कंपन-उपचार टाळावा. अतितीव्र अपंगत्वासोबत अपस्मार बरेचदा असतो. फिट येत असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरुवात करू नये. पहिल्या वेळी आवाज लहान ठेवावा, वेळ थोडा, आणि रोजची सांभाळणारी ताई जवळ असावी. बारीक खुणा तिलाच आधी कळतात.