शाईतली चांदी

वॉशिंग मशीनवर किंवा दवाखान्यातल्या यंत्रावर सपाट, प्लास्टिकच्या कागदासारखं बटणांचं पॅनेल असतं ना, बोटानं दाबलं की ‘टुक्’ करणारं? मैत्रिणींनो, अशा बऱ्याच पॅनेलांच्या पोटात चांदी असते! खरीखुरी, पैंजणातली असते तीच. मी ती छापते.

माझं मूळ काम लग्नपत्रिकांच्या स्क्रीन प्रिंटिंगचं. पुढे तीच जाळी, तीच चौकट आणि तोच रबरी स्क्वीजी घेऊन मी आमच्या तालुक्याच्या एमआयडीसीत पॅनेलं छापायला लागले. सोनेरी शाईच्या जागी चांदीची शाई आली. पॉलिस्टरच्या कागदावर बारीक रेघा छापायच्या नि सव्वाशे अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये सुकवायच्या. तारेऐवजी या रेघांतून वीज जाते.

“अगं, मग तांबं का नाही वापरत?” सासूबाईंचा पहिला प्रश्न. अगदी रास्त! घरातल्या तारा तांब्याच्याच असतात. पण तार अखंड असते, शाईत असतात सुटे कण. तांब्याच्या कणावर हवेनं जो थर चढतो, तो वीज अडवतो. शिवाय नेहमीच्या तापमानाला सगळ्या धातूंत वीज सर्वांत सहज वाहते ती चांदीतूनच.

अडचण एकच, भाव! 2025 साली चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली. आमच्या शाईत निम्म्याहून जास्त वजन चांदीचं आणि पॅनेलचा दर मात्र आधीच ठरलेला. मग फायदा राहणार कुठून?

म्हणून कमी चांदीत तेच काम कसं होईल, यासाठी जगभर खटपट चालते. त्यातली मला सगळ्यात आवडलेली युक्ती अगदी स्वयंपाकघरातली. मोहरीचे दाणे ताटात पसरले तर एकमेकांना जेमतेम टेकतात. पोहे पसरले तर एकावर एक चढतात. चांदीचे कणही पोह्यांसारखे चपटे केले की जास्त जागी चिकटतात आणि कमी चांदीत विजेला वाट मिळते. दुसरा उपाय आपल्या ओळखीचा, मुलामा! आत तांब्याचा कण, वरून चांदी. मात्र मुलामा कुठे उघडा पडला की तांबं आपला गुण दाखवतंच.

चांदीची आणखी एक खोड आहे. दमट हवेत, वीज चालू असताना ती एका रेघेतून दुसरीकडे सरकते. झाडाच्या फांद्यांसारखे कोंब फुटतात आणि दोन रेघा जोडल्या गेल्या की यंत्र बंद! यंत्र जितकं छोटं, तितक्या रेघा जवळ आणि धोका मोठा. पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्या मालाची मला म्हणूनच जास्त धास्ती. आम्ही चांदीवर कार्बनच्या काळ्या शाईचा हात फिरवतो. सिरॅमिकच्या तुकड्यांवरच्या सर्किटांत चांदीत पॅलॅडियम मिसळतात. पण तो धातू चांदीच्या कितीतरी पट महाग. म्हणजे रोगापेक्षा औषध भारी!

या सिरॅमिकवरच्या लेपात चांदीच्या पुडीबरोबर काचेची पूडही असते. साधारण साडेआठशे अंशांना भाजलं की काच वितळून चांदीला घट्ट धरते. असे लेप आपल्याकडे बनावेत म्हणून पुण्यात पाषाण रस्त्याजवळच्या सी-मेट या सरकारी संस्थेत काम झालं आहे. तिथला प्रकाशानं छापायचा चांदीचा लेप वाचून मला गंमत वाटली. आम्ही जाळीवर रसायन लावून, वर फिल्म ठेवून उजेड देतो. उजेड लागलेला भाग घट्ट होतो, बाकीचा पाण्यानं धुवायचा. तिथे हेच थेट चांदीच्या लेपावर करतात! नेहमीच्या छपाईत शंभर मायक्रॉनच्या खाली रेघ फाटायला लागते, या पद्धतीनं ती पन्नासपर्यंत, म्हणजे केसाहून बारीक निघते. बारीक रेघेला चांदीही कमी लागते. फक्त धुतल्यावर वाहून गेलेली चांदी परत गोळा करायला हवी, नाहीतर बचत मोरीत!

आमच्याकडे जाळी पुसलेल्या चिंध्यासुद्धा कुणी टाकत नाही. सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी नेतात ना, तशा त्या डब्यात साठवून चांदी गाळणाऱ्याकडे जातात. नवीन आलेल्या मुलीला मी आधी तो डबा दाखवते, स्क्वीजी नंतर हातात देते.